खूण न केलेली जागा

माझं डोकं उघडं होतं आणि मी जागी होते. दुखत काहीच नव्हतं. नुसतं तरंगल्यासारखं वाटत होतं. पडद्याच्या अलीकडे बसलेल्या बाई एकेक चित्र दाखवत होत्या आणि मी नावं सांगत होते. छत्री. कासव. चमचा. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि आता ही बालवाडी!

पडद्यापलीकडे डॉक्टर माझ्या मेंदूला जागोजागी बारीक वीज लावून बघत होते. शब्द अडला की त्या जागी ते आकडा लिहिलेला कागदाचा कपटा ठेवत. तिथे सुरी चालणार नाही. कापण्याआधी खुणा करणारा माणूस मला पटतो, म्हणून तर मी या टेबलावर आडवी झाले. गाठ पूर्ण निघाली तर बरीच वर्षं मिळतील, थोडी राहिली तर ती पुन्हा वाढेल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. बाहेर लेक जीव मुठीत धरून बसली होती.

सात कपटे झाले. पुन्हा वीज लागली आणि एकदम दुपार झाली. आमचं दुकान, गरम इस्त्रीचा वास आणि कात्री घेऊन उभे असलेले आमचे हे. "अगं, पंखा..."

हे जाऊन तीन वर्षं झाली. घरात फोटो ढीगभर, पण आवाज कुठेच उरला नव्हता. किती आठवला तरी येत नसे. तोच आवाज, थोडा घोगरा, अगदी कानाशी.

"काय झालं काकू? काही जाणवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नीट कळलं नाही. परत लावा बघू."

"अगं, पंखा बंद कर ना, कापड उडतंय."

जन्मभर मी यांना एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं. आज ऐकून घेतलं. मग वेड्यासारखं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"काकू, ही जागा गाठीतच आहे," डॉक्टर म्हणाले. "इथे काही असेल तर मी सोडून देतो, नसेल तर काढतो. खरं सांगा."

दुकानात ऊन पसरलं होतं. हे माझी वाट बघत उभे होते. मला तिथून हलावंसंच वाटेना, इतकं सुख होत होतं. पण सकाळीच लेक म्हणाली होती, "आई, बाबांच्या मागे जायची घाई करू नकोस हं."

"काही नाही," मी म्हटलं. "काढून टाका."

बाईंनी पुढचं चित्र धरलं. मला ते दिसेना. त्यांनी हळूच माझे डोळे पुसले.

"शिडी," मी म्हणाले.