आमेनपर्यंत थांबलेला चहा

मी एक जुनी किटली आहे. जात अॅल्युमिनियमची, पोटाला पोचे, कडीला सुतळी गुंडाळलेली आणि चोच जराशी डावीकडे वाकडी. ही चोच कशी वाकली ते विचारू नका, मित्रांनो, कारण मी दर वेळी निराळं सांगते. कधी म्हणते, एका हत्तीने मला बहीण समजून सोंड मिळवली. कधी म्हणते, मी विमानाच्या उरलेल्या पत्र्यातून झाले आणि पहिल्याच उड्डाणात नाकावर आपटले.

माझी उमेदीची वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात गेली. तिथे पत्रा दाबायच्या प्रेस मशिनी धाडधाड चालत. कॅन्टीन शालनबाई सांभाळायची. शिफ्टचा भोंगा झाला की ती मला उचलायची आणि आम्ही दोघी मशिनींमधून फिरायचो. माझ्या वासाने बंद पडलेली मशीन चालू झालेली मी पाहिली आहे. एकदा तर माझा चहा पिऊन सुपरवायझरने आपण होऊन ओव्हरटाइम मंजूर केला. लोक हत्तीवर विश्वास ठेवतात, यावर मात्र ठेवत नाहीत.

प्रेसवर भिवा नावाचा एक कामगार होता. तो अर्धाच कप प्यायचा आणि उरलेला चहा लहान बाटलीत ओतून घरी न्यायचा. "गिरजासाठी," म्हणायचा. "तिला कंपनीचा चहा आवडतो, बाई. घरचा गोड लागत न्हाई म्हणती." मग शालनबाई त्याच्या बाटलीत मला आणखी थोडी वाकवायची.

पुढे कारखाना बंद पडला. मशिनी भंगारात गेल्या. मीही जाणार होते, पण शालनबाईने मला पदराखाली घेतलं आणि थेट आपल्या मंडळीच्या हॉलवर आणलं. ती ख्रिस्ती. भोसरीतच एका वर्कशॉपच्या माडीवर त्यांची रविवारची उपासना चाले. उपासना झाली की सगळ्यांना माझा चहा. लोक म्हणत, "बाई, किटलीला हातगुण आहे." मी मनातल्या मनात उकळायचे.

इथपर्यंत मी थोडं तिखटमीठ लावलं. इथून पुढे लावणार नाही. त्या दिवसाला ते सोसत नाही.

यंदा पास्टर नवनाथांनी ठरवलं की मंडळीने सेवेला राजधानीत जायचं, मुंबईला. तिथल्या एका मोठ्या कॅन्सरच्या दवाखान्याबाहेर लांबून आलेले रोगी आणि त्यांची माणसं फुटपाथवर राहतात. त्यांना चहा-बिस्किटं, चादरी द्यायच्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. माणूस चांगला होता नवनाथ. चादरींसाठी त्याने स्वतः दारोदार फिरून पैसे जमवले होते.

पहाटे बस निघाली. घाटात शालनबाईने सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि काहींनी लगेच तोंडात टाकली. नवनाथ हसतच म्हणाला, "शालनबाई, आधी देणाऱ्याचं नाव, मग दान. आपल्याकडे प्रार्थनेआधी घास नसतो ना?" सगळी बस हसली. तिची सोबतीण पूनम म्हणाली, "मावशी, कॅन्टीन सुटलं नाही अजून तुमचं." शालनबाईही हसली, पण तिने मला मांडीवर घट्ट धरलं. माझ्या कडीला तिच्या हाताचा घाम लागला.

फुटपाथवर निळ्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. खाली माणसं. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या गळ्याला पट्टी. आम्ही शेगडी मांडली, मला चढवलं. चहा उकळला तसा वास पसरला आणि माणसं गोळा झाली. इथे रोज कोणी ना कोणी वाटायला येतं. काहींचा आधी फोटो असतो, काहींची आधी घोषणा. फुटपाथवरची माणसं ते शिकून घेतात. आमच्या लोकांनी हात जोडल्याबरोबर त्यांनीही जोडले.

तेवढ्यात एक माणूस पुढे आला. गालफडं बसलेली. तो माणसांकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"ही आपल्या कंपनीची किटली न्हाई का?" तो म्हणाला.

शालनबाईने वर पाहिलं. "भिवा? अरे, प्रेसवरचा भिवा ना तू?"

"व्हय बाई. गिरजा हाय तिथं." त्याने ताडपत्रीकडे बोट केलं. "दोन दिस झाले, काय बी गिळंना. आत्ता लांबनं बघूनच मी तिला सांगितलं, आपली किटली आलीय. तर म्हणली, आण. घोटभर द्या, बाई. ती मागतीय."

शालनबाईने कप घेतला. दुसऱ्या हाताने माझी कडी धरली. मी वाकले सुद्धा.

"एकच मिनिट, दादा," नवनाथ मायेनं म्हणाला. "प्रार्थना होऊ द्या, मग सगळ्यांना मिळणार आहे. चला, डोळे मिटू या."

भिवाने शालनबाईकडे पाहिलं. शालनबाईने नवनाथकडे. मग तिने मला परत शेगडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. भिवानेही मिटले. चहा हवा तर मिटायला हवेत, एवढं तो इथे शिकला होता.

नवनाथ प्रार्थना करू लागला. खोटं नाही सांगत, मनापासून करत होता. त्याने रोग्यांसाठी मागितलं, डॉक्टरांसाठी मागितलं, राजधानीत राज्य करणाऱ्यांसाठी मागितलं. ज्यांनी चादरी दिल्या त्यांची नावं घेतली. बसच्या ड्रायव्हरलाही विसरला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि प्रार्थना लांबत होती.

मित्रांनो, किटलीला पापण्या नसतात. मला ताडपत्रीखालचं दिसत होतं. गिरजाबाईने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मला हाक मारता येत नाही, म्हणून मी झाकण वाजवलं. खडखड, खडखड, जेवढं वाजवता येईल तेवढं.

पूनमने एक डोळा उघडला, वाकून शेगडी बंद केली. प्रार्थनेत आवाज नको म्हणून. मी गप्प झाले आणि माझ्यातला चहा निवायला लागला.

"आमेन," नवनाथ म्हणाला. सगळे म्हणाले, "आमेन."

शालनबाईने पहिला कप भरला तेव्हा वाफ नव्हती. भिवा तो दोन्ही हातांत धरून जपत जपत गेला. खाली बसला. "गिरजे, घे. कंपनीचा हाय," म्हणाला. त्याने कप तिच्या ओठाला लावला. चहा आत गेला नाही. ओठाच्या कडेने गळ्यावर उतरला.

त्याने कप खाली ठेवला आणि तिचे डोळे मिटवले. मग उपरण्याने तिचा गळा पुसला, उठून आला आणि कप शालनबाईपुढे धरला. "हा घ्या परत. दुसऱ्या कुणाला तरी व्हईल."

नवनाथ धावत गेला. गुडघ्यांवर बसून म्हणाला, "दादा, आपण हिच्यासाठी प्रार्थना—"

"झाली की साहेब आत्ताच," भिवा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आता जरा मला बसू द्या तिच्याजवळ."

दुपारी शववाहिका आली. ड्रायव्हरने विचारलं, कुठे न्यायचं. भिवा म्हणाला, "भोसरीला."

नवनाथने विचारलं, "भोसरीत कुठे?"

"तुमच्या हॉलच्या मागच्या चाळीत. वर्कशॉपच्या भिंतीला लागून आमची खोली. रविवारी तुमचा माईक आमच्या घरात वाजतो. ती आजारी पडल्यापासून खिडकी उघडी ठिवायची, गाणी ऐकायला."

"मागच्या चाळीत," नवनाथ म्हणाला. तो फुटपाथच्या कडेला बसला, तिथेच, बिस्किटांच्या खोक्यांशेजारी.

शालनबाई शववाहिकेत चढली. मी तिच्या हातातच राहिले, मला काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. घाटभर तो गार चहा माझ्या पोटात डचमळत होता. ती एकदाच बोलली. "भिवा, माझा हात कडीवर होता रे."

तो म्हणाला, "दिसला मला."

आता मंडळीने नळाचा मोठा थर्मास घेतला आहे. मला सगळे विसरलेत, फक्त शालनबाई नाही. दर रविवारी उपासनेआधी ती मला भरते आणि मागच्या चाळीत नेते. दारोदार कप भरते, कुणालाही काही म्हणायला लावत नाही. नवनाथ माईक बंद ठेवून ती परत येईपर्यंत थांबतो. भिवाचं दार बंद असतं. ती उंबऱ्यावर एक कप ठेवून येते.

तर मित्रांनो, मला घासू नका हवं तर, पोचे काढू नका. चोच का वाकली यावर मी सांगेन ते खरं मानू नका. एवढंच करा, कुणी घोटभर मागितलं आणि तुमचा हात कडीवर असला, तर वाकवा. देव थांबायला तयार असतो. तहान थांबत नाही.

उंबऱ्यावरचा तो कप बहुतेक वेळा भरलेलाच, साय धरून परत मिळतो. गेल्या रविवारी अर्धा होता.