बिनमिठाचं पाणी

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो, चांगला चिनी मातीचा. बाहेरून अजून पांढरा आहे आणि काठावर निळी वेलबुट्टीही शाबूत आहे. आत मात्र मी पार तपकिरी झालो आहे. कितीही घासा, तो रंग आता माझ्याबरोबरच जाणार. त्याची मला लाज वाटत नाही, उलट थोडा तोराच आहे.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते आठवत नाही. समज आली ती कुवेतच्या एका दुकानात. पनवेलचे फारूकभाई चपला करतात ना, त्यांचे थोरले भाऊ तिकडे नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी आम्हा सहा भावंडांना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलं. पहिल्याच ईदला आमच्यात शिरखुर्मा वाढला गेला. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि मी फुगलो. गर्वाचं घर खाली, म्हणतात ते खोटं नाही. त्याच संध्याकाळी मी मोरीच्या काठावर आपटलो आणि माझा टवका उडाला. टवका उडालेल्या वाडग्यात पाहुण्यांना कोण वाढणार? फारूकभाईंच्या बायकोने, फरिदाने, मला उचललं आणि घरापुढच्या दुकानात नेऊन ठेवलं.

तेव्हा मी फार रुसलो होतो. आज त्या मोरीचे आभार मानतो.

दुकानात फारूकभाई चपला शिवायचे आणि फरिदा चामडं रंगवायची. हे काम ती माहेराहून शिकून आली होती. बाटलीतला दाट रंग ती माझ्यात ओतायची, थिनरने पातळ करायची आणि मग ब्रश असा फिरवायची की चामड्याला खारकेचा रंग यायचा. गिऱ्हाइकं दुकानात येऊन म्हणायची, "तुमच्या घरातला तो खारकी रंग द्या." शिवण फारूकभाईंची असायची आणि नाव रंगाचं व्हायचं. फारूकभाई त्यावर हसायचे. बायकोचा त्यांना अभिमान होता.

पण थिनर हा पाहुणा मला कधीच आवडला नाही. नाकात शिरायचा, डोळ्यांना झोंबायचा आणि गेल्यावरही खोलीत राहायचा. काही वर्षांनी फरिदाला खोकला लागला. आधी ती पदराने तोंड झाकायची. मग ब्रश ठेवून दारात जाऊन उभी राहायला लागली. एकदा तिला धापच लागली आणि माझ्यातला अर्धा रंग तिच्या मांडीवर सांडला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "एक तर थिनर बंद करा, नाहीतर रंगाचं काम सोडा."

फारूकभाई घाबरले होते. घरी येताच म्हणाले, "उद्यापासून रंगाला मी माणूस ठेवतो. तू आराम कर."

"मला आराम नकोय," फरिदा म्हणाली. "मला माझं काम हवंय. तुम्ही थिनरच्या जागी दुसरं काहीतरी शोधा ना!"

"अगं, तबियतीपेक्षा काम मोठं आहे का?"

फरिदाने मला पुसलं आणि पोटाशी धरून बराच वेळ बसली. मित्रांनो, मी मातीचा असलो तरी ते मला कळलं.

मग फारूकभाईंनी शोध सुरू केला आणि माझ्या पोटाचे हाल सुरू झाले. रॉकेल झालं. त्यात रंग विरघळेचना, गोळे होऊन तळाला बसला. घरातला सिरका झाला. दुकानाला लोणच्याचा वास आला आणि चामडं जसंच्या तसं राहिलं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आलं. त्यात रंग छान मिसळला, पण इतक्या झटकन वाळायचा की ब्रशचे पट्टे उमटायचे, आणि फरिदाची छाती भरायची ती भरायचीच. शेवटी फारूकभाईंनी मुंबईहून वेगळाच रंग आणला. हा थिनरचा नव्हताच. नुसत्या पाण्याने पातळ होणारा होता. ते म्हणाले, "फरिदा, हा शेवटचा. हा जमला नाही तर माणूस ठेवायचा. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

त्याच सुमारास जनीताईंची मागणी आली होती. जनीताई फरिदाच्या जुन्या ओळखीच्या, खाडीकडच्या गावातल्या. जमीन सरकारी प्रकल्पात गेल्यावर नवीन पनवेलला राहायला आलेल्या. त्यांच्या दीपेशचं लग्न होतं आणि नवरदेवाच्या चपला खारकी रंगाच्याच हव्या होत्या. फरिदाने बोअरिंगचं पाणी माझ्यात घेतलं, नवा रंग कालवला आणि चपला रंगवल्या. खोकला आला नाही. त्या दिवशी ती ब्रश फिरवता फिरवता गुणगुणत होती.

सकाळी पाहतो तर चपलांवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग! फरिदाने पुसले, पुन्हा रंगवलं. वाळल्यावर पुन्हा तेच. "रंगच खराब आहे," फारूकभाई म्हणाले आणि हळूच बोलले, "आता माणूस बघतो." फरिदाने मान खाली घातली. तेवढ्यात चपला न्यायला जनीताई दारात हजर.

"काय गो फरिदा, जाल्या का माज्या पोराच्या चपला?"

फरिदाने रडवेल्या तोंडाने चपला पुढे केल्या. जनीताई आता कडाडणार, असं मला वाटलं. त्यांनी चपलेवरून बोट फिरवलं आणि बोट सरळ जिभेला लावलं.

"जनीताई, काय करता!" फरिदा ओरडली.

"अगो, मीठ हाय हे!" जनीताई हसत सुटल्या. "माजा जलम मिठागरात गेला. पानी वालला की मीठ वर येतंच. तुज्या बोअरिंगला खाडीचा पानी लागलाय. रंगाला कशाला नावं ठेवता?"

"मग गोड पाणी आणू कुठून?"

"आमच्या एसीचा घे. बादलीभर पडतो, मी इस्त्रीला वापरते. त्यात मीठ नाय, काय नाय."

दुपारी पाण्याचा कॅन आला. फरिदाने त्याच पाण्याने चपला पुसल्या, सावलीत सुकवल्या आणि नव्याने रंग दिला. सकाळी जनीताईही आल्या आणि तिघेही चपलांवर वाकले. डाग नव्हता. खारकी रंग नितळ उतरला होता. लग्नात जनीताई सगळ्यांना सांगत होत्या म्हणे, "नवऱ्याला कोन बघतंय, समदी चपलाच बघतात!"

माणूस ठेवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. थिनरची बाटली गेली. आता फरिदा एकामागून एक जोड रंगवते आणि मध्ये दारात जात नाही. जनीताईंकडून पाण्याचा कॅन येत राहिला, अगदी जानेवारीतही. एकदा त्यांची मुलगी हेतल तो घेऊन आली तेव्हा फरिदाने विचारलं, "एवढ्या थंडीत एसी कसा काय चालू असतो तुमच्याकडे?"

हेतल हसली. "आई लावते. गोधडी पांघरून बसते आणि म्हणते, फरिदाचा पानी पडू दे."

फरिदा तेव्हा माझ्यावर वाकून रंग कालवत होती. तिचे डोळे भरून आले. पण तिने झटकन तोंड बाजूला वळवलं आणि डोळे बाहीला पुसले. एक थेंबही माझ्यात पडू दिला नाही. अश्रूंतही मीठ असतंच ना!

माझी पाच भावंडं कधीच फुटली. मी टवका उडालेला, म्हणून मागे राहिलो आणि हे सारं पाहिलं. तेवढ्या भाग्यावर एकच मागणं मागतो. मित्रांनो, एखाद्या माणसाचा कामात जीव गुदमरला तर त्याला कामावरून उठवू नका. आधी वाडग्यात काय आहे ते बघा.