बोटावरचे अठ्ठ्याण्णव

माझे भाऊजी लहानू म्हणजे काट्यावर आणि आकड्यावर जगणारा माणूस. सदर भागातल्या एका दुकानात ते कूलरच्या मोटारी दुरुस्त करतात. माणूस काय सांगतो त्यापेक्षा मीटर काय दाखवतो ते खरं, हा त्यांचा खाक्या. ताईला ताप आला तर कपाळाला हात लावायचं सोडून आधी थर्मामीटर शोधत बसायचे. माझं डोकं फिरायचं, ताई मात्र हसायची.

कोरोनाने हे वेड पक्कं केलं. दुसऱ्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ अंकुश दवाखान्याच्या व्हरांड्यात ऑक्सिजनची वाट पाहत गेला. त्याच आठवड्यात ताई, म्हणजे माझी बहीण प्रेमिला, हीही तापाने पडली. जरीपटक्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत भाऊजींनी तिला पालथं झोपवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा वर चढेपर्यंत तिच्याजवळून हलले नाहीत. ताई वाचली. तेव्हापासून तो ऑक्सिमीटर कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. पंच्याण्णवच्या वर आकडा असलेला माणूस मरत नाही, असं ते चारचौघांत ठासून सांगायचे.

गेल्या वर्षी ताईच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. पाळी जाऊन वर्षं झाली होती, तरी तिने ते लपवलं. आपल्या बायकांना लाज जिवापेक्षा मोठी, काय बोलावं! शेवटी एक दिवस ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती, कॅन्सरची. मी रामटेकहून धावत आले.

डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. गाठ मोठी आहे, पण शेकाने बरी होण्यासारखी आहे, असं त्या म्हणाल्या. शेक म्हणजे रेडिएशन. दोन गोष्टी मात्र त्यांनी बजावून सांगितल्या. शेकाचा एकही दिवस चुकवायचा नाही, आणि अंगातलं रक्त कमी होऊ द्यायचं नाही, कमी झालं की लगेच चढवायचं. मोठ्या गाठीच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजन नसला की तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, म्हणून रक्त हवं. भाऊजींनी एवढं सगळं ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उचलला, ऑक्सिजन. त्याचं मीटर तर त्यांच्या खिशातच होतं.

सुरुवातीला दोन पिशव्या रक्त चढवलं आणि शेक सुरू झाला. मी रामटेकला परत गेले. मधेच रक्तस्राव पुन्हा वाढला. तपासणीत रक्त पार खाली गेलेलं निघालं. आधी रक्त चढवा, मगच पुढचा शेक, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. भाऊजी रक्तपेढीत गेले, तर ताईच्या गटाचं रक्त शिल्लक नव्हतं. तिथले लोक दोन-तीन दिवस थांबा म्हणाले. आता करायचं काय? दिवस चुकवू नका असं बाईंनीच बजावलेलं. भाऊजींनी बाकावर बसल्या बसल्या ताईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव. मग शेकाच्या मशीनवरच्या मुलीने, रक्त चढवलं का, असं विचारलं तेव्हा ते सरळ हो म्हणाले. पुढेही अठ्ठ्याण्णव येत राहिलं, ते रक्तपेढीत परत गेलेच नाहीत आणि हो म्हणत राहिले.

शेक संपल्यावर काही महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा मी सोबत होते. गाठीची कड गेली होती, मधला भाग तसाच होता आणि आता वाढत होता. डॉक्टरबाईंनी कागद उलटसुलट पाहिले आणि मधे रक्त कधी चढवलं ते विचारलं. भाऊजींनी खिशातून ऑक्सिमीटर काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, आक्सिजन कमी नव्हता. मी रोज पाहत होतो."

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उन्हाळ्यात तुमच्या वस्तीत टँकर येतो ना, असं त्यांनी विचारलं. आलेला टँकर काठोकाठ भरलाय, एवढंच हे यंत्र सांगतं. टँकर किती आले ते त्याला कळत नाही. रक्त कमी म्हणजे टँकरच कमी, मग गल्लीच्या टोकाच्या घराला पाणी कसं मिळेल? गाठीचं पोट म्हणजे ते टोकाचं घर.

बाहेर आल्यावर मी भाऊजींना वाट्टेल ते बोलले. तुम्ही माझ्या बहिणीचा जीव घेतला, असंही बोलले. ते भिंतीला टेकून ऐकत होते.

ताईने कायमचं अंथरूण धरलं तेव्हा मी तिच्याजवळ राहायला आले. एका दुपारी भाऊजी औषधं आणायला गेले होते. मला राहवेना. मी तिला सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तिनेच मला थांबवलं.

"मले रक्त चढलं का नाही, हे मले माहीत नसन का वं? त्या पोरीनं मलेही विचारलं होतं. मी बी हो म्हटलं."

"काहून पण, ताई?"

"हे बोटाले लावून पाहेत अन् म्हणत, अठ्ठ्याण्णव आहे प्रेमिला. अंकुश गेल्यापासून ह्यायचं तोंड असं खुललेलं मी पाहिलंच नव्हतं. माह्याच्यानं नाही म्हणवलं नाही." तिला धाप लागली. मी पाणी पाजलं. "मी गेल्यावर सगळे ह्यायलेच दोष देतीन. तू सांगजो, प्रेमिलानंच हट्ट केला, रक्त नको म्हणे. दे शब्द."

मला तिचा राग आला, त्यांचा आला, माझा स्वतःचाही आला. मी शब्द दिला.

ताई थंडीत गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजींचं सुत्तपठण झालं, त्यांचं भोजन झालं, ते गेले आणि घरची माणसं पंगतीला बसली. भाऊजी पाणी देत होते, मी भात वाढत होते. त्यांची मोठी बहीण कांताबाई म्हणाली, एवढा मोठा इलाज केला तरी गुण कसा आला नाही? मी पातेल्यात पाहत सांगितलं, डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलं होतं, ताईनेच हट्टाने नको म्हटलं.

भाऊजींनी हातातला पाण्याचा जग खाली ठेवला.

"नाही अक्का. मेघा खोटं सांगून राहिली. रक्त मीच देल्लं नाही. खोटं बी मीच बोललो. माह्यापायी गेली ते."

कांताबाईने डोळ्याला पदर लावला. "पाहा वं," ती शेजारणीला म्हणाली, "ते गेली तरी तिचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला. असा नवरा भेटाले नशीब लागते." साऱ्या पंगतीने माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, हट्टी तर ती होतीच.

"मेघा, तू तं खरं सांग," भाऊजी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत उभे होते. मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर भात वाढायला वाकले.