माझ्या आकड्यावरचा दोनशे सतरा

मी एक जुना पत्रा आहे. पाय गंजलेले, रंग उडालेला. पण मित्रांनो, अशी सुरुवात केली की तुम्ही लगेच ‘अरेरे, बिचारा’ म्हणायच्या तयारीत बसता. तसं बसू नका. मला दया नको आहे. मला राग आलेला आहे.

पुन्हा सुरू करतो.

मी एक जुना अपघात-फलक आहे. जबलपुरात, रांझीच्या कारखान्याकडून येणारा रस्ता जिथे चढावर वळतो, त्या वळणावर मी सव्वीस वर्षं उभा होतो. गोहलपूरच्या शालिग्राम पेंटरने माझ्या अंगावर लिहिलं :

सावधान! धीरे चलिए
इस वर्ष दुर्घटनाएँ —
इस वर्ष मृत —

दोन्ही ओळींपुढे त्याने चार-चार आकडे बसवले. मराठीत आकडा म्हणजे संख्या आणि आकडा म्हणजे टांगायचा हूकही. माझ्या बाबतीत दोन्ही खरं. माझ्या आकड्यांवर पत्र्याचे आकडे टांगायचे. मला न्यायला आलेला पोलीस अधिकारी ते पाहून शालिग्रामवर खेकसला, “मृत के लिए चार हुक? पूरा शहर खाली करवाओगे क्या?”

शालिग्राम म्हणाला, “साहब, दोनों लाइन बराबर दिखनी चाहिए.”

बस, एवढ्याचसाठी. हे लक्षात ठेवा.

मला उभा केला त्याच संध्याकाळी कारखाना सुटला आणि सायकलींचा लोंढा आला. त्यात नव्यानेच लागलेला एक फिटर होता, सुखराम. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला आणि सोबत्यांना ओरडून सांगितलं, “अबे पाहा! हा तर आपला टोकनबोर्ड आहे. उद्यापासून हजेरी इथंच!”

सगळे हसले. का हसले ते सांगतो. कारखान्यात प्रत्येक कामगाराला एक पितळी टोकन असे, वर भोक पाडलेलं, त्यावर त्याचा नंबर. सकाळी ते खात्यातल्या फळ्यावर आकड्याला टांगलं की माणूस हजर. टांगलं नाही तर गैरहजर. सुखरामचा नंबर दोनशे सतरा.

तेव्हापासून तो दिवसातून दोनदा माझ्यासमोरून जाई. पुढे माझे आकडे बदलायचं काम नीलकंठ नावाच्या शिपायाकडे आलं. सुखराम त्याला रोज छेडे, “काय नीलकंठ भैया, माझी हजेरी लावली का?”

“काका, इथं हजेरी लागली का माणूस घरी नाही जात,” नीलकंठ म्हणे.

नीलकंठ मला फडक्याने पुसायचा. शाळेच्या सहली माझ्यासमोर थांबायच्या. एकदा तर कुणीतरी मला हारही घातला. मला वाटायचं, मी खरं बोलतो म्हणून हे कौतुक आहे.

मग वेग मोजायचं यंत्र आलं.

यंत्राशी माझं भांडण नाही, मित्रांनो. भरधाव गाडी माणूस मारते, हे मी सव्वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे. भांडण आहे ते यंत्र उभं करण्याच्या जागेशी. ते माझ्या वळणावर नाही लावलं. पुढे सरळ, मोकळ्या रस्त्यावर, कडुनिंबाच्या सावलीत लावलं. तिथे गाड्या पळतात, म्हणून तिथे सापडतात. आठ दिवसांत सगळ्या ट्रकवाल्यांना कडुनिंब पाठ झाला. तिथे गोगलगाय, आणि गेलेला वेळ भरून काढायला माझ्या वळणावर वारा!

वळणावर दिवा नव्हता. कडेला रस्तादुरुस्तीची खडी महिनोन्महिने पडलेली. वस्तीतल्या लोकांनी अर्ज केले. उत्तर आलं की नियमाप्रमाणे एका जागी चालू वर्षात पाच माणसं मेली तर ती जागा धोक्याची धरली जाते, मग दिवा मिळतो; मागच्या वर्षीची माणसं धरत नाहीत.

पाच. चार मेली तर ती जागा चांगली.

त्या वर्षी नोव्हेंबर लागला तेव्हा माझ्यावर असं होतं :

इस वर्ष मृत — ४

आणि एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, सुखराम चढावर सायकल हातात धरून चालत येत होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, गुडघे दुखत, म्हणून चढ पायीच चढायचा. खडीच्या ढिगाला वळसा घालायला तो दोन पावलं रस्त्यात आला. समोरून ट्रक आला. फार जोरात नव्हता. त्याला सुखराम दिसलाच नाही.

कागदावर कारण लिहिलं गेलं : तेज गति.

कुणाची? ट्रकची? चालत्या माणसाची? खडीच्या ढिगाची? छापील कागदावर कारणांची यादी होती आणि त्यात अंधार नव्हता, खडी नव्हती. जे होतं ते लिहिलं.

सुखराम चौतीस दिवस दवाखान्यात झुंजला आणि गेला.

तेराव्या दिवशी त्याची बायको पार्वताबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सोबत मुलगी शकु. नीलकंठ मला पुसत होता.

“नीलकंठ, चार काहून हाय अजून? पाच काहून नाही केले?”

नीलकंठने फडकं खाली ठेवलं. “काकू, तीस दिवसांच्या आत गेला तरच मृतात धरतात. काका चौतीसाव्या दिवशी...”

“मंग जखमीत तरी धरलं का?”

“जखमींची ओळ फलकावर नाही, काकू.”

“अच्छा,” पार्वताबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “छत्तीस वर्षात... नाही, शकु, किती?”

“सव्वीस, आई.”

“सव्वीस वर्षात कामावर एक मिनिट उशीर नाही केला त्या माणसानं. मरायले चार दिवस उशीर केला, तर गैरहजेरी लावून राहिले तुम्ही?”

नीलकंठचा हात पिशवीकडे गेला. त्याच्या पिशवीत पाचाचा पत्रा होता. तो टांगायचा हुकूम नव्हता.

आता माझा राग ऐका. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी माझ्यासमोर मंडप पडला. मला नवा रंग दिला होता, वरून कापड टाकलं होतं. गेल्या वर्षी नऊ, यंदा चार! यंत्राचा विजय! बँडवाले आले, वार्ताहर आले. पहिल्या पाळीला निघालेले कामगार सायकली धरून कडेला थांबले.

पण त्याआधी, मंडपवाले चहा प्यायला गेले तेव्हा, पार्वताबाई आली होती. अपघाताच्या दिवशी सुखरामच्या खिशात असलेलं टोकन कारखान्याने परत मागितलं होतं. ती ‘सापडत नाही’ म्हणाली होती. तिने कापडाखाली हात घातला. नीलकंठ तिथेच होता. त्याने पाठ फिरवली आणि बराच वेळ कडुनिंबाकडे पाहत राहिला.

मोठ्या पोलीस साहेबांनी दोरी ओढली. कापड पडलं.

इस वर्ष मृत — ४ २१७

“चार हजार दो सौ सत्रह!” बँडमधला ढोलवाला मोठ्याने वाचून गेला.

हशा पिकला. कॅमेरे चमकले. पण कडेचे कामगार हसले नाहीत. त्यांनी ते पितळ ओळखलं होतं. एकाने डोक्यावरची टोपी काढली, मग दुसऱ्याने.

“किसने टाँगा ये? ये नंबर गलत है!” साहेब गरजले.

पार्वताबाई पुढे आली. “साहब, गलत तो चार है. दो सौ सत्रह मेरा आदमी है.”

दुसऱ्या दिवशी माझा फोटो पेपरात. मग पत्रांचा पाऊस. कुणी लिहिलं, यंत्रं वाढवा. कुणी लिहिलं, यंत्र म्हणजे सामान्य माणसाला पकडायचं जाळं. कुणी टक्केवारी काढून दाखवली. खुलासाही आला : योग्य आकडा चारच आहे. सगळे आकड्यांवर भांडत होते. माझ्या आकड्यावर कोण टांगलेलं आहे, हे फक्त पार्वताबाई विचारत होती. रोज. चौकीत जाऊन.

तीन आठवड्यांनी वळणावर दिवा लागला. खडी उचलली. कागदावर कारण काय होतं माहीत आहे? सौंदर्यीकरण! सोबत दोन कुंड्याही ठेवल्या. म्हणजे पाचवा माणूस मानायला नको.

आणि मला उखडलं. हल्ली मी चौकीच्या मागे भिंतीला टेकून पडलो आहे. माझे पत्र्याचे आकडे हरवले. टोकन मात्र गेलं नाही. मला हलवण्याआधी नीलकंठने पकड आणून तो हूक पिरगाळून बंद करून टाकला.

मित्रांनो, रस्त्यावर सावकाश चला, हे तर मी सांगणारच. माझ्या अंगावर तेच लिहिलेलं आहे. पण उद्या कुणी ताठ मानेने तुम्हाला अपघातांचा लहानसा आकडा दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी जवळ जाऊन बघा. विचारा, कोण राहिलं? चार दिवस उशिरा गेलेला कोण? कोणती ओळ फलकावर नाहीच?

आणि कधी रांझीला आलात तर चौकीच्या मागे या. अक्षरं पुसट झाली आहेत, चारही गेला आहे. ‘मृत’च्या पुढे आता एवढंच आहे :

२१७

हजर.