लपवलेला फॉरवर्ड

सह्यांचा हंगाम आला की फुटबॉलच्या क्लबवाल्यांच्या अंगात येतं. चांगला खेळाडू सही करीपर्यंत दुसऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून ते त्याला चक्क लपवून ठेवतात, कुणाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कुणाला सेक्रेटरीच्या सासुरवाडीला. ज्याला लपवलं तो मोठा, असा सरळ हिशेब. विनय पाथरीकर पंधरा वर्षं फॉरवर्ड खेळला. कलकत्ता, गोवा, केरळ, पंजाब, शेवटी मुंबई, असं बारा गावचं पाणी प्याला, पण लपवून घ्यायचा मान काही त्याला मिळाला नाही. पंगत उठताना उरलेली जिलबी कुणीतरी पानात घ्यावी, तसा शेवटच्या दिवशी कुणीतरी त्याला घेई.

आणि आता चौतिसाव्या वर्षी, आपल्याच हैदराबादेत, तो लपला होता!

सत्त्याण्णव साल होतं. बाजार खुला झाल्यापासून शहरात रोज नवी कंपनी निघायची आणि प्रत्येकीला नाव गाजवायची घाई. कूलर बनवणाऱ्या एका कंपनीने फुटबॉलची टीम काढली. तिचे मॅनेजर अप्पाराव, माणूस उत्साही आणि भित्रा. त्यांनी विनयला कुकटपल्लीच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि बजावलं, "किसीकू पता नक्को देव." विनयने पहिल्याच संध्याकाळी खालच्या फोन बूथवरून घरी फोन करून बायकोला पत्ता सांगितला. लपल्याची बातमी सुप्रियालाच कळणार नसेल तर लपण्यात मजा ती काय?

पण मजा फार टिकली नाही. अप्पाराव रोज दाराला कान लावून बसत आणि दारावर कुणी येत नसे. दुसऱ्या फोनमध्ये विनयने सुप्रियाला हसत हसत सांगितलं, "अगं, मला लपवलंय खरं, पण शोधतंय कोण?" ती हसली नाही. त्याचं हसू तिला पहिल्यापासून कळायचं. घरी राहून खेळायची ही शेवटची संधी होती. ही हुकली तर बूट खुंटीला टांगायचे, दुसरं काही नाही.

सह्यांच्या शेवटच्या दिवशी सकाळी अप्पाराव उतरलेल्या चेहऱ्याने आले.

"पाथरीकर साब, बुरा मत मानो. डायरेक्टर साब बोल रैं, जिसकू कोई पूछताच नै, उसकू हम कैकू लेना? दोपैर तक कोई नै आया तो केरलावाले लड़के का साइन करा देंगे."

केरळचा पोरगा बावीस वर्षांचा होता. विनयने बॅग भरायला घेतली. ते एक काम त्याला झोपेतही जमलं असतं.

तेवढ्यात बेल वाजली.

अप्पारावांच्या तोंडावर भीती आणि आनंद एकदम आले. त्यांनी विनयला बॅगेसकट बाथरूममध्ये कोंबलं आणि दार फटीपुरतं उघडलं.

"विनय आहे का इथे?" शुद्ध मराठीत कुणीतरी विचारलं.

बाथरूममध्ये विनयने कपाळावर हात मारला. बाबा! नरहर पाथरीकर, न्यायालयाचे निवृत्त शिरस्तेदार. जन्मात खोटं न बोललेला माणूस. मुलाच्या धंद्याबद्दल त्यांचं एकच मत, घोडा झाला तरी चेंडूमागे धावतो. त्यांनी त्याची एकही मॅच पाहिली नव्हती.

अप्पारावांनी काळी टोपी पाहिली, कोट पाहिला, मराठी ऐकली आणि हादरून विचारलं, "आप... बम्बई से?"

संपलं, विनयला वाटलं. हा प्रश्न बाबांना चाबकासारखा लागायचा. रिक्षावाल्याने जरी विचारलं, तरी रस्त्यात थांबून ते ऐकवत, 'पाच पिढ्या इथल्याच आहोत आम्ही, समजलं?' आता ते तेच ऐकवणार, अप्पारावांना कळणार की हा म्हातारा विनयचा बाप, विनयला शोधायला बापाशिवाय कुणी नाही.

बाहेर बाबा खाकरले.

"मैं विनय कू लेने आया," ते म्हणाले.

"नै मिलेंगे! हमारे पास हैं वो!"

"मेरा हक तुमसे पुराना है."

अप्पारावांचा आवाज चिरकला. "कितने साल के वास्ते ले रैं आप?"

"मैं तो उम्रभर रखनेवाला हूँ."

धाडकन दार बंद झालं. पुढच्या क्षणी अप्पाराव विनयला मागच्या जिन्याने ओढत नेत होते. "उम्रभर बोल रा बुड्ढा! ये बम्बईवाले पागल हो गए!" मोटारीत बसल्यावरही ते मागे वळून वळून पाहत होते. दुपारच्या आत सह्या झाल्या. एक नाही, दोन वर्षांचा करार. डायरेक्टरांनी स्वतः उठून विनयशी हात मिळवला.

संध्याकाळी अप्पाराव मिठाईचा पुडा घेऊन त्याला नल्लकुंट्याला घरी सोडायला आले. दार बाबांनीच उघडलं. तीच टोपी, तोच कोट.

अप्पारावांच्या हातातला पुडा पडता पडता राहिला. "आप यहाँ तक पीछे आए?"

"मियाँ, बम्बई देखी किसने?" बाबा मान ताठ करून म्हणाले. दिवसभर गिळून ठेवलेलं वाक्य अखेर बाहेर पडलं. "पाँच पुश्तों से हैदराबादी हैं हम. ये मेरा बेटा है."

"पर आप तो बोले, लेने आया..."

"हौ, लेनेच आया था. पंद्रह साल से पोट्टा दूसरों के घर है. बहू बोली, उसकू कोई नै पूछ रा. कोई नै पूछा तो क्या, घरवाले तो पूछते."

अप्पाराव पोट धरून हसत सुटले. सुप्रिया पाण्याचे पेले घेऊन आली, तीही हसत होती. विनय बुटाची नाडी सोडण्याच्या निमित्ताने खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही, कारण डोळे भरले होते आणि बाबांसमोर रडायची त्याला सवय नव्हती.

"विनय," बाबांनी पुड्यातली एक जिलबी उचलली. "पहिली मॅच कधी आहे रे? बसायला खुर्ची असते ना तिथे?"