वासावर उतरवायचा पाक

लवंगेचा वास आला की मला अजूनही रबरी चपलांचा आवाज ऐकू येतो. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दारातून पुन्हा स्वयंपाकघरात. फटक फटक, फटक फटक. राजाजीनगरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते, आणि खालच्या मजल्यावर घरमालकीण रोझी अक्का राहत असत. सत्तरी ओलांडलेली ती उंच, कृश बाई एका जागी स्थिरावलेली मी फारशी पाहिली नाही. खुर्चीत बसत त्याही कडेला, बस चुकेल अशा बेतानं. बोलताना त्यांचे हात पदराशी, कुकरच्या झाकणाशी, भिंतीवरच्या कॅलेंडरशी काही ना काही करत राहत, आणि डिसेंबरातलं बंगळूरचं कोवळं, थंडीनं आखडलेलं ऊन त्यांच्यामागे खोलीभर फिरताना दमून जाई. ‘दोन मिनिटं बसा ना अक्का,’ असं म्हटलं की म्हणत, ‘बसून काय करू ग? बसायला मेल्यावर वेळ आहेच की.’

अक्का मूळच्या बेळगावच्या, कॅम्पातल्या. त्यांचे वडील तिथल्या लष्करी मेसमध्ये आचारी होते. साहेबांच्या नाताळच्या टेबलावरचं हॅम त्यांनी घरी आणलं ते ताटातून नव्हे, हातातून. मिठाच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवलेली डुकराची अख्खी तंगडी आधी मंद आचेवर उकडायची. मग कातडी सोलून वरच्या चरबीवर सुरीनं तिरक्या रेघा मारायच्या, प्रत्येक चौकोनात एकेक लवंग खोचायची, आणि वरून गोड पाक चढवून ओव्हनमध्ये भाजायची. साहेबांच्या पाकात परदेशी तपकिरी साखर असे. आचाऱ्याच्या घरी ती कुठून यायची? म्हणून तिच्या जागी गूळ आला, आणि गुळाच्या सोबतीला मोहरी, संत्र्याचा रस आणि चमचाभर व्हिनेगर. लग्नानंतर ही विद्या अक्कांबरोबर बंगळूरला आली. यजमान पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्रा कापायचं, वाकवायचं काम करत. त्यांनी उरल्यासुरल्या पत्र्यातून गॅसच्या शेगडीवर ठेवायचा एक ओव्हन बनवून दिला, ट्रंकेएवढा, दाराला कडी असलेला. यजमान गेले, मुलगा नेल्सन शहराच्या उत्तर टोकाला येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. पण दर नाताळाला तो ओव्हन माळ्यावरून खाली उतरे आणि दुपारच्या जेवणाला नेल्सन आणि त्याची बायको येत.

मी पुण्याची, शाकाहारी, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून डोळे शिणवणारी. पहिली दोन वर्षं त्या हॅमशी माझा संबंध जिन्यावरून वर येणाऱ्या वासापुरता होता. तिसऱ्या वर्षी तो वाढला, आणि त्याची सुरुवात झाली भाजीच्या गाडीवर.

हिवाळ्यात इकडे अवरेकाईच्या शेंगा येतात. ही आपल्या पावट्याची मावसबहीण, पण हिचा सगळा तोरा वासाचा. बायका शेंग उचलतात, बोटांनी चुरडतात, हुंगतात आणि मगच पिशवी पुढे करतात. अक्काही शेंग नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि डोळे उघडले की हळूच माझ्या चेहऱ्याकडे पाहत. मी मान डोलावली तरच शेंगा पिशवीत जात. मला वाटे, माझ्या मताला केवढी ही किंमत. मग एके दिवशी मी खाली गेले तर स्वयंपाकघर धुरानं कोंदलेलं, दूध आटून पातेलं काळं झालेलं, आणि दोन हातांवर अक्का पाठमोऱ्या बसून निवांत लसूण सोलत होत्या. मी गॅस बंद केला तेव्हा कुठे त्या वळल्या. चोरी पकडली गेल्यावर मूल बघतं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘साथीच्या तापात गेला बघ वास,’ त्या म्हणाल्या. ‘चव पण गेली की. मीठ घातलं काय, नाही घातलं काय, सगळं कागद खाल्ल्यागत.’

‘नेल्सनला माहीत आहे?’

‘तो किती दिवस झाले मागं लागलाय, येलहंक्याला चल म्हणून. त्याला एक कारण पाहिजे नुसतं. आईला वास येत नाही म्हटल्यावर गॅस असलेल्या घरात एकटी ठेवील काय तो?’

नसतं ठेवलं. मीही ठेवलं नसतं. पण त्या घरातल्या प्रत्येक फरशीवर त्यांच्या फेऱ्यांची वाट पडली होती, आणि सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या चपला कुठे चालणार, हे मला डोळ्यांपुढे आणवेना. अक्कांनी माझा हात धरला. ‘नाताळचं हॅम बरोबर झालं की त्याला काही कळायचं नाही. एक दिवस तुझं नाक दे मला.’ मी हो म्हटलं. भिडेपोटी म्हटलं, प्रेमापोटी म्हटलं, आणि थोडं या भाबड्या समजुतीपोटीही की एका दिवसानं काय होणार आहे.

नाताळच्या आदल्या दुपारी तंगडी मोठ्या पातेल्यात रटरटत होती. मुरवलेलं मांस पहिल्या पाण्यात मीठ सोडतं. किती सोडलं हे ते पाणी चाखून ठरवायचं, आणि खारट असेल तर ओतून दुसरं घालायचं. चाखणार कोण? मार्गशीर्षातले गुरुवार पाळणाऱ्या माझ्या आईची आठवण त्याच क्षणी यायची काही गरज नव्हती, पण ती आलीच. मी डोळे मिटून चमचा जिभेला लावला.

‘खूप खारट.’

पाणी बदललं. तासाभरानं पुन्हा चमचा.

‘आता आमटीइतकं.’

‘कुणाच्या आमटीइतकं? तुझ्या, का माझ्या?’

‘तुमच्या.’

‘मग सरी,’ म्हणजे ठीक, असं म्हणाल्या आणि हसल्या. त्या दोन दिवसांत त्या हसल्या ते तेवढंच. बाकी वेळ त्या फिरत होत्या. झाकण उचलत, बोटं नाकाशी नेत, काहीच न मिळाल्यानं बोटांकडेच पाहत, आणि पुन्हा खिडकीकडे जात. त्यांची अस्वस्थता मला लागली होती. मीही उगाच धुतलेले चमचे पुन्हा धूत होते.

नाताळच्या सकाळी चर्चहून आल्यावर त्यांनी रेशमी साडीवरच जुना टॉवेल खोचला आणि चरबीवर रेघा मारल्या. थेट शंकरपाळ्यांसारखे चौकोन पडले, आणि माझ्या जिवात जीव आला. निदान एक गोष्ट ओळखीची दिसली. लवंगा मी खोचल्या. मग पाक चढला, आणि अक्का माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

‘कच्च्या गुळाचा वास मरतो, आणि जळका वास जन्माला यायचा असतो. मध्ये एक क्षण असतोय बघ. तेव्हा उतरवायचा. माझे बाबा डोळे बांधून सांगायचे.’

मी पातेल्यावर वाकले. गूळ होता, मोहरी होती, संत्रं होतं, नाकात झोंबणारं व्हिनेगर होतं. मेलेलं आणि जन्मणारं काही मला वेगळं काढता येईना. पन्नास वर्षांची ओळख असल्याशिवाय तो क्षण नाकाला सापडत नाही, हे कबूल करायला हवं होतं. त्याऐवजी मी घाबरून माझ्या आईकडे धाव घेतली. संक्रांतीच्या वड्यांना ती करते तसं वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकला. मऊ पडला. आणखी उकळू दिलं. पुन्हा टाकला, आणि या खेपेला गोळी उचलून ताटलीवर टाकली तर टण्ण वाजली.

‘झाला,’ मी म्हणाले.

अक्कांनी त्या गोळीकडे पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्या नाकावर विश्वास ठेवला. पाक तंगडीवर ओतला, ओव्हनची कडी लावली, आणि चपला दाराकडे निघाल्या, नेल्सनची गाडी दिसते का पाहायला.

मी वर जाऊन कपडे बदलून आले, तेवढा वेळ त्या दाराशीच होत्या. बाहेर कुणा शेजाऱ्याला शुभेच्छा देत होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि लवंगेच्या वासाखाली दुसरा एक वास दबा धरून बसलेला जाणवला. ओव्हनखालची ज्योत वाऱ्यानं विझली होती आणि शेगडीचं बटण तसंच उघडं होतं. मी ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. अक्का आत आल्या, उघड्या खिडक्या पाहिल्या, बटणाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

‘आज नको सांगूस,’ त्या म्हणाल्या. ‘आजचा दिवस जाऊ दे.’

खोली मोकळी झाल्यावर मी पुन्हा गॅस पेटवला. काडी ओढण्याआधी तीनदा हुंगून पाहिलं.

जेवायला बसलो तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. हॅम इतकं देखणं दिसत होतं की नेल्सनच्या बायकोनं आधी फोटो काढला. यजमानांनी करवतीच्या पात्यातून घासून बनवलेली सुरी नेल्सननं हातात घेतली, कारण कापायचा मान घरातल्या पुरुषाचा, आणि पहिला काप घ्यायला टेकवली. सुरी घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. त्यानं बोटाच्या पेरानं वरचं कवच वाजवून पाहिलं आणि मोठ्यानं हसला.

‘मम्मी, ही चिक्की झाली की! तू तर वासावर उतरवतीस ना पाक?’

तो थट्टेनंच म्हणाला होता. त्याच्या मनात काही नव्हतं. पण अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, भाजीच्या गाडीवर पाहत तसं; आता फक्त मी मान डोलवायची होती. माझ्यापाशी एक चांगलं, घरगुती खोटं तयार होतं: अक्का दाराशी गेल्या होत्या, पाक माझ्या हातून जास्त शिजला. अर्धं तर खरंच होतं. मी ते बोलले असते तर सगळे हसले असते आणि अक्कांना आणखी एक वर्ष मिळालं असतं. पण त्या सकाळचा गॅस अजून माझ्या नाकात होता.

‘पाक मी उतरवला, नेल्सन. अक्कांना वास येत नाही. साथीच्या तापापासून येत नाही. आज सकाळी ओव्हनखालची ज्योत विझली होती, ते त्यांना कळलं नाही.’

नेल्सननं सुरी खाली ठेवली. उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि शेगडीचं एकेक बटण हातानं चाचपून आला. अक्कांनी तोवर खलबत्त्यातला बत्ता आणला होता. दोन ठोक्यांत त्यांनी ते कवच फोडलं, काप काढले आणि सगळ्यांना उभ्यानं वाढले.

‘खावा,’ म्हणाल्या. ‘गार होतंय.’

नेल्सननं खाली मान घालून पहिला घास घेतला. ‘मीठ बरोबर आहे, मम्मी,’ तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

भांडी घासताना मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. माफी मागायची होती, पण कशाची, हे ठरत नव्हतं. नळाखाली पातेलं फिरवत त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी तुझं नाक मागितलं होतं, मीनल. जीभ नव्हे.’

जानेवारीत त्या येलहंक्याला राहायला गेल्या. खालचा मजला बंद आहे. पत्र्याचा ओव्हन त्यांनी जाताना माझ्या दाराशी ठेवला, निरोप न घेता. हा राग होता की आशीर्वाद, हे मी पुष्कळ दिवस ठरवत होते, आणि मग सोडून दिलं.

या डिसेंबरात अवरेकाई आली तशी मी पिशवीभर शेंगा घेऊन येलहंक्याला गेले. घर उजळ, टापटीप. स्वयंपाकघरात विजेची शेगडी, गॅसचं नाव नाही. अक्का सोफ्यावर बसल्या होत्या. कडेला नव्हे, पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, पुरत्या बसल्या होत्या. पायांत मऊ, आवाज न करणाऱ्या सपाता होत्या. मला पाहून हसल्या, मनापासून हसल्या, आणि मला रडू आलं. त्यांनी पिशवीतून एक शेंग काढली, चुरडली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. ‘चांगल्या आहेत, अक्का.’

‘मग सरी,’ म्हणाल्या, आणि शेंग पुन्हा पिशवीत ठेवली.

त्या सुरक्षित आहेत. मी बरोबर वागले. तोच प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा तसंच वागेन, आणि तरीही घरी आले की मला चैन पडत नाही. नाताळाच्या सकाळी मी माळ्यावरचा ओव्हन खाली काढते आणि काहीही न भाजता नुसती कडी उघडते. आत अजून लवंग आहे. ज्या घराचा हा वास, त्या घराच्या मालकिणीला तो येत नाही; ज्या भाडेकरणीला येतो, तिला तो जळका वास जन्मायच्या आधीचा क्षण कधीच सापडला नाही. काळ माणसाला उचलून नेतो आणि त्याच्या मागे राहिलेलं सांभाळायला बहुधा चुकीच्याच माणसाला बसवतो. मी बसते. खाली कुणी नाही हे ठाऊक असून, लवंगेचा वास सरेपर्यंत, चपलांसाठी कान देऊन बसते.