मधोमधचं पाणी

माझं काम जमिनीला भोकं पाडायचं. शाळेत हे कोणी शिकवत नाही, मी यंत्राजवळ उभा राहून शिकलो.

एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. कधीपासून, कोणालाच माहीत नाही. आम्ही टाकीभोवती अकरा भोकं पाडली. चार मीटरवर माती करडी निघाली आणि असा भपकारा आला की मास्तर म्हणाले, "काडी ओढलीस तर उद्या तुझा फोटो भिंतीवर."

मास्तर म्हणजे आमचे साहेब. तपास त्यांचा, सही त्यांची.

पंपाच्या मागच्या भिंतीला लागूनच इस्त्रीवाल्या काकूंचं घर. अंगणात विहीर, दुसरं पाणी नाही. सून सातव्या महिन्यात. विहिरीत पंपाचं पेट्रोल उतरलंय असं ठरलं, तर पंपाने काकूंना नळ जोडून द्यायचा होता. काकूंना तेवढंच हवं होतं.

पहिल्या फेरीला मी विहिरीत नळी सोडली. नियम असा की नळीचं तोंड पाण्याच्या मधोमध ठेवायचं आणि छोटी बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडासुद्धा नको. निकाल आला. पेट्रोल आहे, पण मर्यादेच्या आत.

"मर्यादेच्या आत म्हणजे काय रे?" काकूंनी विचारलं. हातातली इस्त्री चालूच.

"म्हणजे चालतं, असं कागद म्हणतो."

"कागद पितो का हे पाणी? सकाळी झाकण काढलं की डोळे चुरचुरतात. सुनेला मळमळतं."

"काकू, त्यांना दिवस गेलेत, मळमळ तर..."

"तीन बाळंतपणं झालीत माझी. मला शिकवू नकोस."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, पेट्रोल तरंगतं, आम्ही मधलं पाणी घेतो. वरचा थर असेल तर तो वेगळा मोजतात, पण आम्हाला काही दिसला नाही. आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात आलं. आम्ही पोचतो दुपारी, तोपर्यंत या बायकांनी वीस बादल्या काढलेल्या असतात. वरचा थर आधीच बादलीतून गेलेला.

मास्तरांना पटलं. मंगळवारी सकाळी सातला यायचं ठरलं. मी काकूंना सांगून आलो, त्या दिवशी आमच्याआधी बादली टाकू नका.

"आणि नाहीच दिसलं तर?"

"मग संपलं काकू. पंप सुटला."

मंगळवारी झाकण काढलं. पाण्यावर रंगीत साय, या काठापासून त्या काठापर्यंत. मला आनंद झाला. हे लिहायलाही लाज वाटते, पण झाला. काकू दारात उभ्या होत्या, पदराने हात पुसत.  मास्तरांनी वाकून वास घेतला, मग परत घेतला.

आठवड्याने त्यांनी मला त्या सायीच्या तपासणीचा कागद दाखवला. "भोकांमधलं पेट्रोल शिळं आहे. मातीतून येता येता हलका भाग उडून जातो. विहिरीतलं ताजं आहे, सगळं जागच्या जागी. हे वरून ओतलंय."

"पंपवाल्यांनी ओतलं असेल."

"स्वतःच्या गळ्यात फास घालायला?"

मग मी सगळं सांगितलं. काकूंशी काय बोललो तेही.

"तुझ्या तोंडाला झाकण नाही," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. "विहिरीचा निकाल बाद. तसं लिहावं लागेल मला."

"परत नमुना घेऊ की."

"कशाचा? आता त्यात तिचं किती आणि पंपाचं किती, कोण सांगणार? त्यांचा वकील वाटच बघत असेल."

काकूंना सांगायला मीच गेलो. त्यांनी इस्त्री उभी केली.

"अर्धी बाटलीच ओतली," त्या म्हणाल्या. "पहाटे. तुम्ही एवढ्या लांबून येणार, परत हात हलवत जाल म्हणून."

"ओतायच्या आधी पाण्याकडे बघितलं होतं?"

"बघितलं ना."

"काही होतं?"

"होतं की. बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखं. म्हटलं, एवढंसं या पोरांना कुठलं दिसायला."

मला ते दिसलं असतं. बाटलीत आलं असतं. शिळं, पंपाचंच. काकूंना हे मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, तेही काही उपयोग नसताना.

"हे पाणी आता खरंच पिऊ नका, काकू."

"मग कुठलं पिऊ?"

सून कळशी घेऊन बाहेर आली. मी पुढे होऊन विहिरीच्या झाकणावर बसलो. ती कळशी कमरेवर धरून उभी राहिली, काकूंकडे बघत.

"ऊठ," काकू म्हणाल्या. "चूल पेटलीये तिची."

मी बसून राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं असतील. मग उठलो.